जुनी गाडी घरी दुरुस्त करायचे दिवस संपलेत, माझं स्पष्ट मत

बाराचा_पाना (पुणे)

१९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुना भाग), बाबांनी नवी घेतलेली. गेली बारा वर्षं तिचं सगळं मीच करतोय, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी. आणि आता कंटाळलोय, म्हणजे खरंच कंटाळलोय. म्हणून लिहितोय, कारण हल्ली बरीच तरुण मुलं व्हिडिओ बघून तीस-चाळीस हजारात जुनी ८०० उचलतात आणि "घरीच करू सगळं" म्हणतात. माझं म्हणणं, करू नका.

मागचे तीन रविवार सांगतो. पहिल्या रविवारी बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा वास. पंपापासून कार्ब्युरेटरला जाणारा रबरी पाइप दोन बोटांत दाबून बघितला, सादळलेल्या पापडासारखा मऊ, आणि बोटांना काजळासारखं काळं लागलं. हा पाइप मीच दीड वर्षापूर्वी नवा टाकलेला! त्याच्या आधीचा, गाडीबरोबर आलेला, पंचवीसहून जास्त वर्षं टिकला होता. २०२५ पासून पंपावर ई२० च मिळतंय, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि आपल्या गाड्या बनल्या तेव्हा असल्या पेट्रोलचा विचारच नव्हता झालेला. कार्ब्युरेटर उतरवला, फ्लोटच्या वाटीत तळाला पांढरी पावडर बसलेली. जेट, म्हणजे पेट्रोल सुटायचं बारीक भोकाचं तोंड, काढून ट्यूबलाइटसमोर धरला तर भोकातून उजेडच दिसेना. मग कार्ब्युरेटरच्या गॅस्केट-जेटच्या किटसाठी नाना पेठेत तीन दुकानं फिरलो, तिसऱ्याकडे मिळालं, घरी येऊन बघतो तर गॅस्केटची दोन भोकं जुळतच नाहीत. परत गेलो तर म्हणाला, "साहेब ओरिजिनल बंद झालंय, आता हेच येतं."

दुसरा रविवार ब्रेक. दोन महिन्यांपूर्वी मागचे दोन्ही व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारे) बदलले, ब्रेक ऑइल नवीन भरलं, नळ्यांतली हवा काढली, सगळं व्यवस्थित. आता ब्रेक धरून बसतात. सिंहगड रोडवर सिग्नलला सुटल्यावर गाडी ओढल्यासारखी चालायला लागली, घरी येऊन चाकाला हात लावला तर भाजलं. उघडलं तर आतली रबरं फुगलेली. दोन महिन्यांत! सरळ सरळ डुप्लिकेट माल, वर पाकिटावर होलोग्राम छापलेला. तिसरा रविवार सायलेन्सरचा गंजलेला स्टड तुटला त्यात गेला, ते लिहीत नाही.

बाबांच्या काळी पार्ट चांगला मिळायचा, पेट्रोल गाडीला मानवायचं, चार मिस्त्री ओळखीचे असायचे. आता यातलं काही नाही. ८०० बंद होऊन २०१४ पासून किती वर्षं झाली ते मोजा. गाडीवर जीव आहे म्हणूनच म्हणतोय, घरी हाल करण्यापेक्षा चांगल्या गॅरेजला द्या नाहीतर विका.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

दादा तुमचा त्रास समजतो पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

२२ जुलै २०२१ ला आमच्या चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा माझी ओम्नी सीटच्या वर बुडाली होती. पाणी उतरल्यावर गावातल्या प्रत्येक गॅरेजसमोर गाड्यांची रांग, मिस्त्रींची स्वतःचीच दुकानं गाळात, आणि माझा इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी. तेव्हा ती गाडी मी घरी वाचवली. चावी लावलीच नाही, हे पहिलं. तिन्ही प्लग काढले, पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. तसंच स्टार्टर मारला असता तर कनेक्टिंग रॉडच वाकला असता. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं, तीनदा बदललं तेव्हा रंगावर आलं. दारांच्या खाली पाणी जायला बारीक भोकं असतात ती गाळाने बुजलेली, सायकलच्या स्पोकने एकेक मोकळं केलं, नाहीतर पत्रा आतून सडला असता आणि लांबी (पुटी) लावून वरून कितीही रंगवलं तरी दोन पावसाळ्यांत फोड आले असते. हे सगळं मला आधीपासून गाडी उघडायची सवय होती म्हणून जमलं, आणि ती ओम्नी आजही आंबे घेऊन फिरते.

पाइपचं म्हणाल तर तुम्ही साध्या नायट्राइल रबराचा घेतला असणार. इथेनॉलसाठी पाइपवर तीस आर नऊ असं छापलेलं बघून घ्यायचा, आतून वेगळ्या रबराचं अस्तर असतं त्याला. महाग पडतो, मीटरवर मिळतो, पण टिकतो. चूक घरी करण्यात नाही, पाइप निवडण्यात झाली.

सातपूरचा_मिस्त्री (नाशिक)

मी गॅरेजवाला, सव्वीस वर्षं हेच काम. बाराचा_पाना यांच्याशी सहमत पण कारण वेगळं.

माझ्याकडे महिन्याला दोन-तीन गाड्या अर्ध्या उघडलेल्या येतात. ऑइलचा नट आटे जाईपर्यंत आवळलेला, प्लग तिरका बसवून हेडचे आटे गेलेले, एक जण तर डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) काढून खूण न करता घेऊन आला होता, ठिणगीचं टायमिंग कुठे होतं त्यालाच माहीत नाही. मग जे काम हजारात झालं असतं ते पाच हजारावर जातं आणि बोलणी आम्ही खातो. त्याहून वाईट म्हणजे लोक गाडीबरोबर आलेल्या कात्री जॅकवर गाडी उचलून खाली शिरतात. तो जॅक फक्त चाक बदलायला दिलाय हो. खाली स्टँड नाही, मागच्या चाकाला वीट लावलेली. मी माझ्या पोरांना असं खाली जाऊन देत नाही.

आता तुमच्या ब्रेकबद्दल एक प्रश्न आहे, राग मानू नका. रबर डुप्लिकेट असलं तर ते फाटतं, कडक होतं, गळतं. दोन महिन्यांत फुगत नाही सहसा. फुगतं केव्हा, तर ब्रेक ऑइलमध्ये इंजिन ऑइल किंवा ग्रीस गेलं तर. ब्रेक ऑइल भरताना नरसाळं कुठलं वापरलंत? आणि मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरच्या, बाटलीचं झाकण उघडून आतलं रबर बघा, तेही फुगलंय का ते सांगा.

पद्मिनीवाला (माटुंगा)

पार्टबद्दल बोलतो कारण माझं दुखणं तेच आहे. माझी पद्मिनी १९८९ ची, हँडलवरचा गिअर, १०८९ सीसी. दहा वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईत या गाडीइतकी सोपी गाडी नव्हती घरी करायला, कारण टॅक्सीवाले होते! पद्मिनीची काळी-पिवळी जोवर रस्त्यावर होती तोवर ऑपेरा हाउसला पार्ट यायचे, कुर्ल्याच्या भंगार बाजारात अख्खा गिअरबॉक्स मिळायचा, आणि कुठल्याही टॅक्सी स्टँडवर गाडी थांबवली तर कोणीतरी भाऊ उतरून गिअरच्या लिंकेजचं बुश बसवून द्यायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात तीही गेली. त्या टॅक्सींबरोबर आमचे पार्ट आटले, आता जे आहे ते कोणाच्या तरी माळ्यावर, आणि भाव तो म्हणेल तो.

मला एवढंच दिसतं की घरी दुरुस्ती एकट्याच्या हिमतीवर कधीच चालत नव्हती, मागे मोठा धंदा उभा होता. ८०० चं अजून तसं झालेलं नाही, लाखोंनी गाड्या आहेत, म्हणून तुम्ही इतक्यात हात टेकू नका. पण चांगला पार्ट दिसला की आजच घेऊन ठेवा, लागेल तेव्हा बघू म्हणू नका.

पार्किंगची_बाजू (ठाणे)

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि दुसऱ्या बाजूने लिहितेय. गाडीवर प्रेम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, माझ्या वडिलांची ॲम्बेसेडर होती. पण एप्रिलच्या उन्हात एका सभासदांनी मीटर रूमच्या दारापासून चार पावलांवर उघड्या टबमध्ये पेट्रोल काढून पार्ट धुवायला घेतले होते, शेजारी मुलं क्रिकेट खेळत होती. मी थांबवलं तर "माझ्या पार्किंगमध्ये मी काहीही करीन". आणि काढलेलं काळं ऑइल पावसाच्या पाण्याच्या जाळीत ओतलं. हे ऑइल कायद्याने धोकादायक कचऱ्यात मोडतं, ते नाल्यातून सरळ खाडीत जातं.

बॉनेट उघडून प्लग बदला, बॅटरी बदला, कोणी काही म्हणत नाही. पण पेट्रोल आणि ऑइलची कामं पन्नास कुटुंबांच्या बिल्डिंगखाली नकोत, यावर मी ठाम आहे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ताई, पेट्रोलचं शंभर टक्के मान्य. ऑइल मी पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवतो आणि गॅरेजला देतो, त्यांच्याकडून गोळा करणारे नेतात. पण "नकोत" म्हटल्यावर ज्याला अंगण नाही त्याने जायचं कुठे हेही सांगा. आमच्याकडे अंगण आहे, पुण्या-ठाण्याच्या माणसाने काय करायचं?

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

यावर इथलं, जर्मनीतलं सांगतो, कारण माझाही हाच प्रश्न होता. मी मूळचा सांगलीचा, इकडे एक जुनी फोक्सवॅगन गोल्फ बाळगून आहे. इथे तासावर जागा भाड्याने देणारी गॅरेजेस असतात. लिफ्ट त्यांची, पाने त्यांचे, काम तुम्ही करायचं, अडलं तर तिथला मेकॅनिक बघून सांगतो, ऑइल टाकायला पिंप ठेवलेलं. घराच्या खाली करायची वेळच येत नाही. मिस्त्री म्हणतात ती जॅकची भीती जाते आणि ताई म्हणतात तो पेट्रोलचा धोकाही. आपल्याकडे एखाद्या गॅरेजवाल्याने रविवारी, नाहीतरी जागा बंदच असते, असं सुरू केलं तर मला वाटतं चालेल.

दुसरं म्हणजे कागद. इथे ३० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी ऐतिहासिक म्हणून नोंदता येते, नंबरच्या शेवटी एच लागतो, कर ठरावीक. भारतात २०२१ च्या नियमात व्हिंटेजसाठी ५० वर्षं लागतात. म्हणजे बाराचा_पाना यांची ८०० व्हिंटेज होणार २०४७ ला! तोपर्यंत ती सरकारच्या हिशेबात फक्त जुनी गाडी.

कागदपत्र (नागपूर)

तेच लिहायला आलो होतो. पंधरा वर्षांनंतर कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपर्यंत सहाशे होती, मग पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला दहा हजार. वर पर्यावरण कर, नवी नंबर प्लेट वेगळी. पाइप आणि गॅस्केटवरून भांडतोय आपण पण वीस ते पन्नास वर्षांमधल्या गाड्यांना वाली नाही ही खरी अडचण आहे. धूर जास्त सोडणारी गाडी बंद करा, जरूर करा, पण पीयूसीला नीट पास होणाऱ्या, वर्षाला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला नुसत्या वयाची शिक्षा कशासाठी? नवीन गाडी बनवायलाही लोखंड, प्लास्टिक, वीज लागतेच ना.

बाराचा_पाना (पुणे)

सगळ्यांचं वाचलं. मिस्त्री, तुमचा प्रश्न वाचून रात्री साडेदहाला खाली गेलो. मास्टर सिलिंडरच्या झाकणातलं रबर फुगून नागमोडी झालंय, परत बसतच नाही नीट. मग एका काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि बाटलीतलं थोडं ब्रेक ऑइल त्यात सोडलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळायला हवं ना, तर बरंचसं मिसळलं पण वर तेलाचा तवंग आला, टॉर्च मारला की इंद्रधनुष्यासारखा चमकतो. नरसाळं एकच होतं माझ्याकडे, निळं, इंजिन ऑइलचं. पुसून वापरलं होतं.

म्हणजे दुकानदाराला मी उगाच शिव्या घातल्या, निदान ब्रेकच्या बाबतीत. गॅस्केटची भोकं जुळत नाहीत हे मात्र खरं आहे आणि त्याबद्दलचं मत बदलत नाही. या दोन महिन्यांत आई-बाबांना घेऊन दोनदा पाचगणीला जाऊन आलोय, पसरणीचा घाट उतरलोय त्या ब्रेकवर. ते आठवून रात्रभर झोप लागली नाही.

वाशिष्ठीकाठ, तीस आर नऊचा पाइप मिळाला, मीटर घेतलाय. कार्ब्युरेटर मी करेन, गावाकडच्या अंगणात, बिल्डिंगखाली नाही. ब्रेक मी करणार नाही. मिस्त्री, काय काय बदलायला सांगू इथल्या गॅरेजला?

सातपूरचा_मिस्त्री (नाशिक)

तुम्ही जाऊन बघितलंत आणि इथे सांगितलंत, बरेच जण सांगत नाहीत.

नुसतं ऑइल बदलून भागणार नाही हे गॅरेजवाल्याला स्पष्ट सांगा. ते ऑइल जिथे जिथे पोचलं तिथलं प्रत्येक रबर खराब धरायचं. मास्टर सिलिंडरचं किट, पुढच्या कॅलिपरची सीलं, मागचे दोन्ही व्हील सिलिंडर पुन्हा, चाकांकडे जाणारे रबरी पाइप सगळे. लोखंडी नळ्या नव्या ब्रेक ऑइलने धुऊन काढायच्या, पेट्रोल-डिझेल त्यात घालू द्यायचं नाही. आणि झाकणाचं रबर विसरतात लोक, ते आठवणीने. ग्लासातला नमुना बाटलीत भरून बरोबर न्या, म्हणजे तो वाद घालणार नाही.

गाडी चालवत नेऊ नका. टोइंग बोलवा.