फ्लोट की डबल? पणजीच्या नकाशावर बघा

संगणकात अपूर्णांकी संख्या साठवायचे दोन नेहमीचे प्रकार: 32 बिटांचा फ्लोट आणि 64 बिटांचा डबल (बिट म्हणजे 0 किंवा 1 असा एक अंक). फ्लोटमध्ये साताठ अंक अचूक मिळतात, नकाशाच्या कामाला तेवढे पुष्कळ, असं एकांचं म्हणणं आहे. मला हे पटत नाही, निदान गोव्यातल्या जमिनीच्या मोजणीसाठी तरी नाहीच.

पणजीचं रेखांश साधारण 73.83. बत्तीस बिटांच्या फ्लोटमध्ये संख्येसाठी 24 बिट मिळतात. त्यातले 7 बिट नुसत्या 73 मध्येच खर्च होतात, अपूर्णांकाला उरतात 17. म्हणजे दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर 1/131072 अंश, जमिनीवर सुमारे 80 सेंटीमीटर! अक्षांश 15.49 ला मात्र चारच बिट लागतात, त्यामुळे तिथे साधारण 10 सेंटीमीटर. कुंपणाची सरळ रेषा पूर्व-पश्चिम दिशेत पायऱ्यापायऱ्यांची दिसते ती यामुळेच, आणि दोष मात्र मोजणी करणाऱ्याला दिला जातो. कोमुनिदादच्या (गोव्यातल्या गावसंस्थेच्या सामायिक) जमिनीला लागून कुणाचं घर असेल तर 80 सेंटीमीटर म्हणजे भांडणाला आमंत्रणच.

डबल घेतला तर हेच अंतर नॅनोमीटरवर येतं. तरी डबल म्हणजे रामबाण उपाय नव्हे. 0.1 दहा वेळा मिळवून बघा, 0.9999999999999999 येतं, कारण 0.1 बायनरीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून लिहायला गेलं तर, संपतच नाही. म्हणून रकमा रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्णांकात, पैशांमध्येच ठेवाव्यात.

ग्राफिक्स कार्डामुळे फ्लोटच वापरावा लागत असेल, तर आधी डबलमध्ये जवळचा एखादा संदर्भबिंदू वजा करा आणि उरलेला फरक फ्लोटमध्ये पाठवा. क्रम उलटा केलात तर उपयोग नाही, अचूकता आधीच गेलेली असते.