जुनी शाईची पेनं: तुम्हाला हे वेड कसं लागलं?

शेजारच्या मुलाला यंदा पाचवीत शाईचं पेन सक्तीचं झालंय. काल दौत, ड्रॉपर आणि नवंकोरं पेन घेऊन तो आमच्याकडे हजर, कारण त्याच्या घरी शाई भरायची सवय कुणालाच उरलेली नाही. ओट्यावर पेपर पसरला, ड्रॉपर दाबून शाईत बुडवला, सोडला आणि तो ओळखीचा वास आला. शाळेतली शाईची उसनवारी आठवली. दोघांनी बाकावर पेनं उघडायची, एकाच्या नळीतून दुसऱ्याच्या नळीत थेंब पाडायचे आणि "पाच घेतलेस, उद्या पाच परत" हे तिसऱ्याला साक्षीला ठेवून ठरायचं.

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. मी स्वस्तातली जुनी पेनं जमवतो. महागडी पेनं बघायला मलाही आवडतात, पण जीव जडलाय तो विल्सन, प्रेसिडेंट, प्लेटो, एअरमेल असल्या आपल्याकडच्या पेनांवर. मास्तर, तलाठी, कंपाउंडर, पोस्टातले क्लार्क यांच्या खिशाला लागलेली असायची ती.

तालुक्याच्या गावी गेलो की बाजारपेठेतलं सगळ्यात जुनं स्टेशनरीचं दुकान शोधायचं आणि विचारायचं, "शाईचे जुने पेन पडून आहेत का?" मिरजेत असंच एक दुकान मिळालं. काकांनी काचेच्या कपाटातून पुठ्ठ्याचं एक कार्ड काढलं. त्यावर पांढऱ्या इलॅस्टिकने ओळीने पेनं अडकवलेली. इलॅस्टिक इतकं वाळलेलं की बोट लागताच तुटलं. पेनं काळ्या इबोनाइटची, पण उजेडाकडची बाजू हिरवट तपकिरी झालेली आणि पाठ अजून काळीभोर. इबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्याला ऊन आणि ओल सोसत नाही. काकांनी एकाची निब दौतीत नुसती टेकवली आणि बिलबुकाच्या मागे भराभर इंग्रजी आठचे आकडे काढले, आधी उभे, मग आडवे. "निब बरी आहे, न्या." तेव्हापासून मीही निब अशीच तपासतो. आठ काढताना ती सगळ्या दिशांना फिरते, कुठे खरखरतेय ते लगेच कळतं.

या पेनांचं मला सगळ्यात काय आवडत असेल तर ती उघडतात. टोपण, गळा, नळी, निब आणि तिच्याखालची जिभली, सगळं हाताने सुटं होतं. धुवा, पुसा, निब बदला, पुन्हा बसवा. पन्नास वर्षं कपाटात पडलेलं पेन अर्ध्या तासात लिहायला लागतं. नुसतं मांडून ठेवायला मी एकही घेत नाही, घेतलेलं प्रत्येक पेन लिहितं झालं पाहिजे.

तुमची पेनं, तुमची दुकानं, तुमच्या खटपटी, सगळं लिहा. विषयाला सोडून लिहिलंत तरी चालेल.

खडूचा_तुकडा
खडू विसरलात! वहीवर डाग पडला की फळ्याजवळचा खडूचा तुकडा आणून टेकवायचा, खडू निळा आणि डाग फिका. आमच्या वर्गात टीपकागद फक्त एका मुलीकडे होता. ती तो कुणालाही द्यायची नाही.

ओटा_आवरून
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. वडिलांचा पार्कर ५१ आहे माझ्याकडे. ते गेल्यापासून तसाच डब्यात. आत शाई वाळलीय, काहीच हलत नाही. दोन ठिकाणी दाखवला, एक जण म्हणाला फेकून द्या. मला नुसतं त्याने एकदा सही करायचीय. काही होईल का?

निबवेडा
ताई, फेकायचा तर अजिबात नाही! आधी कुठला प्रकार आहे ते बघा. हा पेन १९४१ साली बाजारात आला. सुरुवातीच्या पेनांना शेपटीला छोटी टोपी असते, ती काढली की दांडा दिसतो, तो दाबून दाबून शाई आत घ्यायची. त्याला व्हॅक्युमॅटिक म्हणतात. त्यात रबरी पडदा असतो आणि तो एवढ्या वर्षांत गेलेलाच असतो. तसा असेल तर जाणकाराकडेच द्या.

१९४८ पासून एरोमेट्रिक आले. त्यात मागची नळी फिरवून काढली की आत धातूचं आवरण आणि त्याला दाबायची पट्टी दिसते. हा असेल तर तुम्ही नशीबवान. आतली पिशवी प्लास्टिकची असते, रबरासारखी कडक होऊन तुटत नाही, बहुतेकदा अजून शाबूत निघते. पुढचं टोक साध्या गार पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पट्टी हलकेच दाबून पाणी आत-बाहेर करा. रोज पाणी बदला. भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब चालेल. गरम पाणी नको, स्पिरिट तर नकोच नको. आणि निबवरचं कवच पकडीने ओढून काढायला जाऊ नका, तडा जातो. धीर धरा, मला आशा आहे.

ओटा_आवरून
आत धातूचंच आहे! आत्ता उघडून पाहिलं. आज रात्री भिजत घालते. खूप खूप आभार.

वाचनमात्र
+१ वाचतेय. छान धागा.

सांगलीचा_पूल
मिरजेचं दुकान लक्ष्मी मार्केटच्या बाजूला का? गल्लीच्या तोंडाशी, लाकडी फळ्यांचं? तिथून कंपास घेतलेला सातवीत.

मूळ लेखक
हो हो, तेच असावं. फळ्या अजून आहेत.

सांगलीचा_पूल
वा! मग परत जाल तेव्हा भडंग घेऊन या. पेन तुम्हाला, भडंग मला.

विदर्भातून
आमच्या वर्ध्याचा या विषयाशी जुना संबंध आहे म्हणून लिहितो. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी पेन बनवून गांधीजींना पाठवला, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिलं की पेन वापरला, परदेशी पेनाच्या जागी चांगला आहे. तेव्हा गांधीजी वर्ध्यातल्याच मगनवाडीत राहत होते, सेवाग्राम नंतरचं. त्यांचे सहकारी कुमारप्पा यांचं ग्रामोद्योगाचं काम तिथेच चालायचं. माझ्याकडे रत्नमचा एक इबोनाइटचा पेन आहे, आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेला. झाकण फिरवताना अजून गंधकाचा मंद वास येतो. मगनवाडीवरून जाताना खिशाला तोच लावतो, बरं वाटतं.

डावखुरी
डावखुऱ्यांचं कुणी बोला ना! लिहीत पुढे जाताना हात आपल्याच ओल्या शाईवरून फिरतो. करंगळीची बाजू कायम निळी. बाई म्हणायच्या वही तिरकी धर, ती एवढी तिरकी व्हायची की शेजारणीच्या बाकात जायची. तरी शाईचंच पेन आवडायचं. आता बारीक निब आणि पटकन वाळणारी शाई वापरते, तेव्हा कुठे पान स्वच्छ राहतं.

गोंयकार_पुण्यात
आमच्या आजोबांकडे दोन शेफर होते, फोंड्याला शिक्षक होते ते. १९६१ च्या आधी गोव्यात बाहेरचा माल सहज मिळायचा आणि इकडे आयातीवर बंधनं. त्यामुळे मुंबईचे पाहुणे आले की परत जाताना सामानात घड्याळ नाहीतर पेन हमखास. आजोबा एका पेनात निळी आणि दुसऱ्यात तांबडी शाई भरायचे. मुलांचे पेपर तपासताना तांबडं पेन हातात असलं की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. दोन्ही आता माझ्याकडे आहेत. तांबड्याच्या जिभलीतली शाई कितीही धुतलं तरी पूर्ण जात नाही, मी पण आता हट्ट सोडलाय. राहू दे.

मक्याच्या_शेतातून
अमेरिकेत आयोवात असते. इथून काही तासांवर फोर्ट मॅडिसन, शेफरचं गाव. शेफर मूळचे जवाहिरे. बाजूची खिट्टी उचलून शाई भरायच्या पेनाचं त्यांचं पेटंट १९०८ चं. इथे एखाद्या घरातलं जुनं सामान विकायला काढतात तेव्हा पेनं शिवणाच्या डब्यात, बटणांत मिसळलेली सापडतात.

माझं लाडकं मात्र एस्टरब्रुक जे. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनची कंपनी. साध्या नोकरदारांचं, विद्यार्थ्यांचं पेन, पण डोकं बघा: निब जिभलीसकट आट्यांवर फिरवून निघते. बारीक, जाड, लघुलिपीची, हिशेबनिसाची, हवी ती निब घ्या आणि फिरवून बसवा, निबवर क्रमांक कोरलेला असतो. आतली रबरी पिशवी मात्र कडक होऊन तुकडे झालेली असते. ते कोरून काढायचे, नवी पिशवी मापाने कापायची, लाखेचा पातळ लेप देऊन चिकटवायची आणि वर थोडी शंखजिऱ्याची पूड चोळायची. लाखच का, तर पुढे कुणाला पुन्हा पिशवी बदलायची झाली तर थोडी ऊब दिली की सुटते. माझ्यानंतरच्या माणसाची सोय. पहिली पिशवी बसली आणि खिट्टी सोडल्यावर दौतीत बुडबुडे आले तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

सायकलवरून_शाळेत
"माझ्यानंतरच्या माणसाची सोय" हे फार आवडलं.

शर्टाचा_खिसा
इथे कुणी सांगेल का, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला शाई लागलीय. घरात वातावरण तंग आहे. तातडीने सांगा.

वाचनमात्र
कुठली शाई? रॉयल ब्लू असेल तर लगेच नुसत्या गार पाण्याखाली धरा, बरीचशी जाते. कायमची निळी-काळी असेल तर लिंबू-मीठ लावून बघा, पण आशा कमीच. इस्त्री अजिबात फिरवू नका.

शर्टाचा_खिसा
रॉयल ब्लूच. धरलाय पाण्याखाली. फिकट होतंय, देव पावला.

निबवेडा
ड्रॉपरने भरायचा पेन आहे का? मग खिशात डाग का पडतो ते सांगतो. नळीत शाई कमी झाली की हवा जास्त होते. अंगाच्या उबेने हवा फुगते आणि शाईला निबकडे ढकलते. म्हणून नळी एक तृतीयांशाच्या खाली जाऊ द्यायची नाही, भरत राहायची, आणि खिशात निब वर करूनच ठेवायची. गळ्याच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलं की तिथून पाझरत नाही.

बंदरावरचा_वारा
चिनी हीरो ६१६ पेनाचा विषय कुणीच काढला नाही? आमच्या रत्नागिरीला बोटीवरचा काका आला की हीरो आणायचा. सोनेरी टोपण, झाकलेली निब. खूप नंतर कळलं की रूप पार्कर ५१ वरून घेतलेलं. तेव्हा आम्हाला काय, दहावीच्या पेपरला हीरो मिळाला म्हणजे पोरगा पास असं आजी सगळ्यांना सांगायची. आज माझ्याकडे वेगवेगळ्या रंगांचे हीरो आहेत, हिरवा, मरून, राखाडी, काळा. सगळे लिहितात. लोक म्हणतात यात जमवण्यासारखं काय. मी म्हणतो, एकदा लिहून बघ.

ताम्हण
शाईबद्दल थोडं. माझी आजी शाईची गोळी पाण्यात विरघळवून दौत भरायची. कॅम्लिनची सुरुवातच तशी झाली, १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या हॉर्स ब्रँड नावाने काढल्या, उंट नंतर आला. तिकडे बंगालात १९३४ ला सुलेखा. ती मध्ये बंद पडली, आता पुन्हा शाई काढतात आणि सुरेख रंग आहेत. आणि एक कळकळीची विनंती, जुन्या पेनात चित्रकलेची काळी इंडियन इंक घालू नका. तिच्यात लाख असते, वाळली की जिभलीच्या चिरा कायमच्या बुजतात.

दुपारचा_चहा
पेन ठीक आहे हो, कागदाचं काय करायचं? हल्लीच्या वह्यांवर शाई फुटते, पानामागे उतरते. मुलीच्या वहीत तर पाठपोट लिहिताच येत नाही. कुठली वही घ्यावी?

डावखुरी
मी दुकानात चक्क पेन घेऊन जाते आणि शेवटच्या पानावर लिहून बघते. दुकानदार आता ओळखतो, स्वतःच पान उघडून देतो.

मूळ लेखक
दुपारचा_चहा, जुन्या हिशेबाच्या वह्या, त्या लाल कापडी बांधणीच्या, मिळाल्या तर बघा. मला मिळाल्यात त्यांचा कागद फार गुणी निघाला. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला विचारा.

बंदरावरचा_वारा
निब खरखरते त्यावर उपाय काय? सँडपेपर?

निबवेडा
नको नको! टोकावरचा कठीण धातूचा मणी झिजला की निब संपली. आधी भिंगातून बघा. दहापैकी नऊ वेळा दोन पाकळ्या खाली-वर झालेल्या असतात, नखाने हळूच समपातळीवर आणल्या की खरखर जाते. चिरेत कचरा असेल तर पातळ फिल्मचा तुकडा फिरवा. आणि जिभली निबला चिकटत नसेल, शाई अडखळत असेल, तर जिभली इबोनाइटची आहे ना याची खात्री करून फक्त ती गरम पाण्यात क्षणभर बुडवून निबवर दाबून धरायची, आकार घेते. पेनाची नळी मात्र गरम पाण्यात घालायची नाही, रंग उडतो.

ओटा_आवरून
आज पाणी स्वच्छ आलं!! इतके दिवस रोज निळं निळं येत होतं. शाई भरली. आधी काहीच नाही, मग एकदम उतरली. निब जराशी उजवीकडे झिजलीय, बाबांच्या हाताच्या वळणाने असणार, त्यामुळे मला पेन थोडं वळवून धरावं लागतं. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही केली. निबवेडा दादा, तुमचे उपकार आहेत.

निबवेडा
डोळ्यांत पाणी आलं ताई. ती निब घासून सरळ करायला कुणालाही देऊ नका. आणि आता रोज दोन ओळी तरी लिहा, वापरात राहिलं तर पुन्हा वाळणार नाही.

सांगलीचा_पूल
फारच छान बातमी! भडंगाचं कुणी मनावर घेतलं नाही ते सोडा.

सायकलवरून_शाळेत
रविवारी पुण्यातल्या जुन्या बाजारात कोण कोण येतंय? घड्याळवाल्यांच्या पथाऱ्यांवर डब्यात सुटी पेनं असतात. सकाळी लवकर जायला हवं, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतं. येताना भिंग आणि छोटी दौत आणा, आठ काढून बघू.

गोंयकार_पुण्यात
मी येतो. आठ वाजता?