सीडी देशमुखांच्या घरची बाजू

वर कुणीतरी लिहिलंय की सीडी, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि मग अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख, हा फाइलीतला माणूस, संयुक्त महाराष्ट्रासाठी राजीनामा दिला एवढंच काय ते धाडस. राजीनाम्याचं मान्य, १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रीपद सोडणं सोपं नव्हतंच, पण "एवढंच"? घरची बाजू कुणी लिहीतच नाहीये. पहिली बायको रोझिना इंग्लिश, मुलगी प्रिमरोज, आणि १९४९ ला रोझिना वारल्या. त्याच वर्षी नेहरूंनी सीडींना अमेरिका-युरोपसाठी खास राजदूत नेमलं. मग १९५३ ला लग्न केलं ते दुर्गाबाईंशी, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या बाई आणि त्याच काळात गोलमेज परिषदेचं सेक्रेटरीपद सांभाळणारा आयसीएस, म्हणजे इंग्रज सरकारचा सनदी अधिकारी, बघा आता! नोंदणी पद्धतीने लग्न, साक्षीदार म्हणून सही खुद्द नेहरूंची.

आपल्या ठाण्यात पालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, भाच्याबरोबर गेलो होतो तिथे, यूपीएससीवाली पोरं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३, हे धडाधड सांगतात, नाणेनिधी आणि जागतिक बँक जिथे ठरली ती ब्रेटन वूड्स परिषदही सांगतात. दुर्गाबाई घटना समितीत होत्या हेही पाठ. पण दोघं नवराबायको हे विचारलं तर एकमेकांकडे बघायला लागली.