गरोदर बाईचं वजन: सगळ्यांना ‘१० ते १२ किलो’ हा एकच आकडा सांगावा का?

वर्धाकाठ:
आशाताई असो की अंगणवाडीताई, गावात सांगणं एकच: ‘नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढू द्या.’ हे थांबवावं, असं माझं स्पष्ट मत. दीड मीटर उंचीची ३८ किलोची बाई घ्या. बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग: ३८ भागिले २.२५ (दीड गुणिले दीड), म्हणजे १६.९. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या तक्त्यात अशा बाईसाठी १२.५ ते १८ किलो वाढ दिली आहे. तेवढ्याच उंचीची बाई ६५ किलोची असली तर बीएमआय २८.९, तिला ७ ते ११.५ किलो पुरे. पहिलीचं वजन १० किलो वाढलं की आपण कार्डावर ‘चांगलं’ लिहून मोकळे होतो, आणि बाळ मात्र अडीच किलोच्या आत जन्मतं.

धानपट्टा:
तक्ता बरोबर, पण त्याला दिवस राहण्याआधीचं वजन लागतं. ते इथे कुणाकडे असतं? नोंदणीच कित्येकदा चौथ्या महिन्यात होते. साधा आकडा लक्षात तरी राहतो. खरा घोळ मोजण्यात आहे. काटा सारवलेल्या जमिनीवर डुलतो, पायात चप्पल, अंगावर शाल. एका महिन्यात अंगणवाडीचा काटा, दुसऱ्या महिन्यात उपकेंद्राचा. काटा पक्क्या फरशीवर ठेवा, शून्यावर आणा आणि दरवेळी तोच वापरा. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याला दीड-दोन किलो वाढलं की झालं.

वर्धाकाठ:
पहिल्या तीन महिन्यांत वजन जेमतेम अर्धा ते दोन किलो वाढतं. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली तर ते वजन तक्त्याला चालतं. नोंदणी लवकर करा, आकडा सोडू नका.

शिवारातली:
तुम्ही दोघंही काट्यावरच अडलात, ताटाकडे कोण पाहणार? सातवा लागला की सासू म्हणते, ‘कमी खा, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल.’ वजन तिथंच थांबतं. रोज जास्तीचं लागतं ते सुमारे ३५० कॅलरी, म्हणजे ज्वारीची एक भाकर, वाटीभर घट्ट तुरीचं वरण आणि चमचाभर तेल. दोन जिवांचं दुप्पट जेवण नव्हे. पण कापूस वेचणीत दिवसभर वाकलेल्या बाईची ती भाकर वावरातच जिरते, म्हणून दुपारी दोन तास आडवं होणं हा आहाराचाच भाग धरा. पोट दाबतं तेव्हा थोडं थोडं पाच वेळा खावं. मधल्या वेळेला फुटाणे, भाकरीसोबत जवसाची चटणी. लोहाची गोळी चहासोबत नको, आणि कॅल्शियमच्या गोळीत नि तिच्यात दोन तासांचं अंतर हवं.

मेळघाट वाट:
ताई, ताटाचं पटलं. पण वाढलेलं प्रत्येक किलो अन्नाचं नसतं. महिन्याभरात तीन किलो चढले, सकाळी तोंड सुजलेलं, बांगडी रुतते, तर ते पाणी असू शकतं. रक्तदाब १४०/९० किंवा वर आणि लघवीत प्रथिनं म्हणजे धोका. घरी मीठ बंद करून बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. तपासणी न करता अशक्त बाईला लोहाच्या जास्तीच्या गोळ्या देऊ नयेत. सिकलसेलच्या रुग्णाला फॉलिक अॅसिड लागतं, लोहाचं डॉक्टर ठरवतील.

धानपट्टा:
बरं, बारीक, मध्यम, जाड असे तीन आकडे कार्डावर लिहू. पण त्यासाठी उंची लागते आणि ती बहुतेकदा अंदाजानं भरली जाते. अंगणवाडीच्या भिंतीवर १४० सेंटिमीटरची रेघ मारा. तिच्या खाली डोकं राहिलं ती बाई जोखमीची, तिला लवकर मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागतं. बाकी दोन आकडे मान्य, तिसऱ्यावर मी अजून अडलोय: जाड बाईला ‘७ किलो पुरे’ सांगितलं की घरचे तिचं ताटच अर्धं करतात.