बंदर दिसलं, पण पाय लागले नाहीत : तुमचेही अनुभव लिहा

जुलैमध्ये मी, नवरा आणि सासू-सासरे असे चौघं अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून सात रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. खरं सांगायचं तर सगळी सहल एका दिवसासाठी होती, सँटोरिनी बेटासाठी. सासूबाईंनी त्या दिवसासाठी पांढरा कुडता शिवून घेतला होता, निळ्या घुमटासमोर फोटो चांगला यावा म्हणून.

सकाळी पावणेआठला डेकवर गेलो तर आकाश घासून ठेवलेल्या ताटासारखं. कड्याच्या माथ्यावर पांढरी घरं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या वाण्याच्या कॅलेंडरवरचं!" वारा होता, ओढणी दोनदा तोंडावर आली, पण वाऱ्याचं कोण काय मनावर घेतं. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. गावातल्या लाँच येऊन आपल्याला खालच्या जुन्या बंदरात सोडतात. तिथून वर फिरा गावात जायला रोपवे, नाहीतर सुमारे ५८० पायऱ्या, नाहीतर गाढव. सासरे खालच्या मजल्यावर दारापाशी रांगेत पहिले उभे होते. त्यांनी पाहिलेलं त्यांच्याच शब्दांत: "लाँच आली, खलाशाने दोर बांधला. तिचा काठ आमच्या उंबऱ्याशी आला आणि बघता बघता कंबरभर खाली गेला. परत आला तो डोक्याच्याही वर. मधली फळी नुसती वरखाली आपटत होती. तिसऱ्या खेपेला निसटलीच. खलाशाने आमच्याकडे बघून मान हलवली, तेव्हाच मी रांगेतून बाहेर पडलो."

पुढच्या दहा मिनिटांत कॅप्टनची घोषणा झाली. जहाजाने त्या बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडातून एक संथ प्रदक्षिणा घातली आणि आम्ही निघालो. सासूबाईंनी कुडता घातला, रेलिंगपाशी उभ्या राहिल्या आणि फोटो काढून घेतलाच. मागे गाव आहे, पण अंगठ्याएवढं.

असं कुणाकुणाचं झालंय? कुठलं बंदर, काय कारण, मग तुम्ही काय केलंत, पैशांचं काय झालं, सगळं लिहा. जेवणाच्या तक्रारींसाठी वेगळा धागा काढू, तो विषय मोठा आहे.

ठाणे, निवृत्त दर्यावर्दी

मालवाहू जहाजांवर ३१ वर्षं काढली. क्रूझवर नोकरी केली नाही, पण वारा सगळ्यांना सारखाच.

मोठं क्रूझ जहाज ३०० मीटर लांब असतं, पाण्यावर ५०-६० मीटर उंच आणि पाण्याखाली जेमतेम ८-९ मीटर. म्हणजे ते शिडाचंच जहाज समजा, फक्त हे शीड उतरवता येत नाही. बाजूचं क्षेत्रफळ १०,००० चौरस मीटर धरलं आणि २० नॉटचा वारा आडवा लागला, तर कागदावर साधारण ६५ टनांचा रेटा येतो. वारा ३० नॉट झाला, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर, की तोच रेटा १५० टनांच्या घरात जातो. वेग दीडपट होतो तेव्हा रेटा सव्वादोनपट होतो, हे वरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याला फक्त ओढणी दिसते.

सँटोरिनीला आणखी एक अडचण आहे. त्या ज्वालामुखीच्या तोंडातलं पाणी ३०० मीटरहून खोल आहे, नांगराला तळच सापडत नाही. इंजिनं आणि थ्रस्टर, म्हणजे जहाजाला बाजूला ढकलणारे पंखे, चालवत जहाज जागच्या जागी धरून ठेवावं लागतं. स्वच्छ आकाशाचं म्हणाल, तर एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून जो कोरडा वारा सुटतो त्याला तिकडे मेल्तेमी म्हणतात. तो ढग आणत नाही, चार-चार दिवस हटतही नाही. आपण कोकणातली माणसं काळं आभाळ दिसल्याशिवाय वादळ मानत नाही, म्हणून फसतो.

आणि लोकांना वाटतं की कॅप्टन सकाळचा वारा बघतो. तो दुपारी चारचा बघतो. अडीच हजार माणसं खाली सोडणं एक वेळ जमेल. दुपारी वारा वाढला, तर तीच माणसं, हातात पिशव्या, त्यांतली निम्मी साठीच्या पुढची, उसळत्या लाँचमधून परत वर घ्यायची असतात. त्या हिशेबात बंदर रद्द होतं.

न्यू जर्सी

वरचा शेवटचा परिच्छेद आम्ही जगून आलोय. मामांच्या साठीसाठी अकरा जण कॅरिबियनला गेलो होतो, जानेवारीत. ग्रँड केमनला क्रूझचा धक्का नाही, जॉर्जटाउनच्या बाहेर नांगर टाकतात आणि टेंडरने, म्हणजे छोट्या बोटीने, किनाऱ्यावर सोडतात. हिवाळ्यात अमेरिकेवरून थंड हवेची लाट खाली सरकली की तिथे वायव्येचा वारा फिरतो आणि जॉर्जटाउनचा तोच किनारा उघडा पडतो. हे ज्ञान अर्थात नंतरचं.

पहिल्या टेंडरमध्ये मामा-मामी, माझे आईबाबा आणि दोन मुलं गेली. आम्ही पाच जण सनस्क्रीन शोधत मागे राहिलो. तेवढ्यात टेंडर बंद! अर्धं कुटुंब खाली, अर्धं वर, मुलांचे पासपोर्ट माझ्याकडे आणि आईची ब्लडप्रेशरची गोळी माझ्या बायकोच्या पर्समध्ये. खालच्यांना दोन-तीन तास थांबवलं, मग बसने बेटाच्या दक्षिणेला स्पॉट्स नावाच्या जागी नेलं. उत्तरेकडून वारा असला की तो किनारा आडोशाला येतो. तिथून त्यांना परत आणलं. बाबा वर आल्यावर पहिलं वाक्य: "बेट छान आहे. बस स्टॉप चांगला होता."

पैसे: जहाजाच्या काउंटरवरून घेतलेल्या सहली आपोआप खात्यात परत आल्या. स्टिंगरे मासे बघायची बोट मात्र आम्ही स्वस्त पडते म्हणून बाहेरून ठरवली होती. त्या माणसाने निम्मे परत दिले, तेही तीन ईमेलनंतर. बंदराचे कर परत मिळतात, पण ती रक्कम बघून हसू येतं.

पुणे

मला हे वाऱ्याचं वगैरे पटत नाही. आमचं बंदर रद्द झालं तेव्हा कॉफीच्या कपात तरंग नव्हता. बंदराची फी वाचते, दिवसभर कॅसिनो आणि दुकानं उघडी राहतात. धंदा आहे हो सगळा.

ठाणे, निवृत्त दर्यावर्दी

कपात तरंग नव्हता कारण कप त्या प्रचंड जहाजावर होता. लाँचमध्ये ठेवून बघायचा होतात. बाकी धंदा आहे हे मान्य. तिकिटाच्या अटींत कंपनी बंदरं बदलायचा हक्क राखून ठेवते, त्यावर भांडा, मी तुमच्या बाजूने. बंद काउंटरपाशी उभ्या असलेल्या अडीच हजार चिडलेल्या माणसांना दिवसभर सांभाळण्याची हौस मात्र कुठल्याच कप्तानाला नसते.

मांडवा-मुंबई, दर शनिवारी

आमची क्रूझ म्हणजे गेटवेची लाँच. पावसाळ्यात ती बंदच, आणि आधी-नंतरही दर्या तापला की तिकीट खिडकीवर पाटी. २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) सुरू झाली, ती पावसातही जाते, त्यामुळे हल्ली रडगाणं कमी. बाकी चालू द्या, वाचतोय.

बोरिवली, आजीच्या वतीने नात टाइप करतेय

आजी ऐंशीच्या पुढे आहे. तिला हा धागा वाचून दाखवला तर म्हणाली, "यात नवीन काय? आमची बोट नेहमीच असं करायची." पुढचं तिचं बोलणं जसंच्या तसं.

माझं माहेर हर्णै. लग्न होऊन मुंबईला आले ते १९६३ साल. दिवाळीला माहेरी जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. नारळी पौर्णिमेनंतर दर्या बसला की बोटी सुरू व्हायच्या. हर्णैला धक्का कुठला, बोट बाहेर लांब उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. बोटीच्या बाजूची शिडी उतरायची, पडाव वर आला की तांडेल ओरडायचा, "टाक उडी!" आणि दंडाला धरून ओढून घ्यायचा. नऊवारीत हो. बाळ असेल तर आधी बाळ, मग आई, मग ट्रंक.

त्या वर्षी बोटीत मला सारखं मळमळत होतं. तशी मला बोट लागायची नाही, पण तेव्हा दिवस गेले होते ना. सुवर्णदुर्ग दिसला, मी बोचकं घेऊन उठले. पडाव निघालेला दिसला. एका लाटेवर दिसायचा, दुसऱ्या लाटेत नाहीसा. थोडं अंतर आला आणि फिरला. बोटीने भोंगा दिला आणि सरळ पुढे! किनाऱ्यावर माणसं उभी होती, त्यात पांढरं धोतर दिसलं. ते दादाच असणार, असं मी धरून चालले. रडले खूप, पण भांडले नाही. रामदास बोट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, वाटेत वादळात गेली, ६००हून जास्त माणसं बुडाली. त्यात आमच्या आळीतल्या एका घरातले दोघे होते. त्यामुळे बोट थांबली नाही तर माझी आई म्हणायची, "नाही थांबली ना, मग शहाणा आहे कप्तान."

मला दाभोळला उतरवलं. रात्र झालेली. एका खारव्याच्या घरी, ओळख ना पाळख, पडवीत झोपले. त्या बाईने मला सोलकढी दिली, ती पोटात टिकली. सकाळी दापोलीची एसटी, तिथून हर्णै. घरी पोचले तर दादा घरात नाहीत! मी दाभोळला उतरले असणार हे ओळखून ते पहाटेच तिकडे निघाले होते. वाटेत कुठेतरी आमची गाडी आणि त्यांची गाडी एकमेकींना ओलांडून गेली.

डोंबिवली

आजींना नमस्कार. आमचं त्यापुढे काहीच नाही, तरी लिहिते. मुंबईहून जहाजाने लक्षद्वीप ठरवलं होतं, महिला मंडळाच्या बावीस जणी. लक्षद्वीपला परवाना लागतो, म्हणून बावीस जणींचे फोटो, ओळखपत्रं, अर्ज, हे सगळं दोन महिने चाललं. बेटाभोवती पोवळ्यांचा कडा असतो, मोठं जहाज आत जात नाही. बाहेर उभं राहतं आणि पोटातल्या दारातून छोट्या बोटीत उतरवतात. आत गेलं की पाणी काचेसारखं शांत, असं गाईड सांगत होता. ती काच आम्ही लांबून बघितली. हिरवी पट्टी, तिच्याभोवती फेसाची पांढरी रेघ आणि अलीकडे आम्ही.

सहा वाजता घोषणा झाली. आठ वाजता आमच्या अध्यक्षबाईंनी स्विमिंग पूलच्या कडेला हाउजी सुरू केली, साडेनऊला मंगळागौरीचे खेळ. पंजाबी आणि गुजराती कुटुंबं बघायला जमली. एका गुजराती काकांनी "पिंगा परत एकदा" अशी फर्माईश केली. परवान्याचा कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. कधी वापरला नाही म्हणून कोरा करकरीत आहे.

मेलबर्न

आमचं प्रकरण टेंडरचं नव्हतं, चांगल्या पक्क्या धक्क्याचं होतं. न्यूझीलंडमधलं नेपियर. १९३१च्या भूकंपात हे गाव पडलं आणि त्या काळच्या आर्ट डेको पद्धतीने परत बांधलं, म्हणून लोक बघायला जातात. क्रूझ आली की स्थानिक हौशी मंडळी त्या काळचे कपडे घालून जुन्या मोटारी घेऊन स्वागताला येतात.

बंदर म्हणजे समुद्रात बांध घालून केलेला आडोसा. पायलट, म्हणजे बंदरातला वाट दाखवणारा माणूस, जहाजावर चढला, आम्ही बाल्कनीत चहा घेऊन बसलो. जहाजाने तोंड वळवलं. अगदी जवळ गेलो, दुर्बिणीतून लाल मोटार, टोपीवाला ड्रायव्हर, मण्यांच्या लांब माळा घातलेली एक आजी, सगळं दिसत होतं. मग जहाज थबकलं. पायाखाली जमीन थरथरायला लागली, बशीत चमचा वाजायला लागला. थ्रस्टर पूर्ण ताकदीने चालले होते आणि तरी आम्ही बाजूला बाजूला सरकत होतो! जहाज मागे गेलं, पुन्हा प्रयत्न, पुन्हा चमचा. तिसरा प्रयत्न झाला नाही. त्या आजीने हात हलवला, आम्हीही हलवला. मुलगा सहा वर्षांचा, त्याने विचारलं, "त्या आपल्यालाच बाय करायला आल्या होत्या का?"

एक कामाची गोष्ट. आता आम्ही तिकीट काढताना प्रत्येक बंदरापुढे टेंडर लिहिलंय की धक्का, ते आधी बघतो. धक्का असला म्हणजे हमी नाही, हे नेपियरने शिकवलं. पण टेंडरचं बंदर हाच एकमेव हट्ट असेल तर विमानाने जावं आणि दोन रात्री राहावं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, विशेषतः दर्यावर्दी काकांचे. सासऱ्यांनी ते टनांचं गणित वहीत उतरवून घेतलंय. सासूबाई आता सप्टेंबरअखेरीस विमानाने सँटोरिनीला जायचं म्हणतायत, कुडत्याची घडी मोडलेली नाही असं त्यांचं म्हणणं. त्यांचा बोरिवलीच्या आजींना एक निरोप आहे: दादा मग घरी कधी आले?

बोरिवली, नात

विचारलं. "तिन्हीसांजेला. मला बघून काही बोलले नाहीत. दाभोळच्या बाजारातून चकलीचा सोऱ्या घेऊन आले होते, घरचा मोडला होता ना."