बिअर्डेड ड्रॅगनचा रंग खुलवायचा, की आहे तसा राहू द्यायचा?

रानजाई (सिडनी)

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर परवा एकाने आपल्या बिअर्डेड ड्रॅगनचा (हा पाळला जाणारा एक सरडा) फोटो टाकून विचारलं, "आणला तेव्हा मस्त नारिंगी होता, आता राखेसारखा दिसतो. काय खायला घालू?" तर सगळे त्याच्यावर तुटून पडले. रंगाच्या मागे लागू नका, ही हौस म्हणजे मुक्या जिवावर अन्याय, वगैरे. मला हे अजिबात पटलं नाही. रंगाची चौकशी करणारा माणूस नकळत तब्येतीचीच चौकशी करत असतो.

याच्या कातडीत पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्याच्या पेशी असतात, प्रकाश परतवणाऱ्या असतात आणि काळ्या असतात. काळ्या पेशींतलं मेलॅनिन पसरलं की अख्खा प्राणी काळवंडतो, आखडून घेतलं की खालचा पिवळा-नारिंगी वर येतो. सकाळी अंग गार असतं तेव्हा तो पाठ मुद्दाम गडद करतो, म्हणजे ऊन लवकर शोषलं जातं. अंग तापलं की उजळतो. त्यामुळे दुपारपर्यंत काळपटच राहिला, तर पहिला संशय ऊब देणाऱ्या दिव्यावर घ्यायचा, खाण्यावर नाही.

शेकायच्या दगडाचा पृष्ठभाग 38 ते 42 अंश हवा आणि पेटीचं दुसरं टोक 25 च्या आसपास. हे काचेला चिकटवलेल्या गोल तापमापकावर कळत नाही, तो हवेचं तापमान सांगतो. दगडावर रोखायची इन्फ्रारेड गन घ्या. आणि यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची, लांब ट्यूब हवीच. खिडकीतलं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. ट्यूब जुनी झाली तरी उजेड पडतच राहतो, पण यूव्हीबी केव्हाच घटलेला असतो. वर्षाच्या आत बदला. एवढं केलंत तर रंग आपोआप खुलतो. यात अन्याय कुठे आला?

कडुलिंब (ठाणे)

असहमत. तुम्ही सांगितलंत ते सगळं बरोबर आहे, पण ती प्राण्याची साधी देखभाल झाली. तिच्यावर 'रंग खुलवा' अशी पाटी लावली की लोक पाटीच वाचतात. मग दिवा आणखी खाली आणतात, जास्त वॉटचा लावतात आणि 'कलर' लिहिलेली पावडर रोज भुरभुरवतात. त्यात तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व असेल, तर ते यकृतात साठतं, जास्त झालेलं सहज बाहेर पडत नाही. त्याचा अतिरेक झालेल्या सरड्याची कातडी सोलवटते, अंगावर सूज येते. रंग बघायला गेलात आणि जनावर हातचं गेलं, असं व्हायला वेळ लागत नाही.

दुसरं म्हणजे, पिल्लू म्हणून आणलेला ड्रॅगन मोठा झाल्यावर वेगळा दिसतो. अंगावरची नक्षी फिकी होते, मूळ रंगही बदलतो. जे जनुकांत नाही ते ट्यूब लावून येत नाही.

पंधरापैसे (न्यू जर्सी)

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण खाण्याचा मुद्दा दोघांनीही उडवून लावलात. पिवळ्या-नारिंगीसाठी लागणारे कॅरोटिनॉइड शरीर स्वतः बनवत नाही, ते खाण्यातूनच यावे लागतात. तांबड्यातला काही भाग टेरिडीन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि ती मात्र शरीरात तयार होतात. म्हणून गाजर खाऊन पिवळा ड्रॅगन लाल होत नाही, ही आशा आधी सोडा.

आमच्याकडे लाल भोपळा, ढोबळी मिरची आणि कोलार्डची (कोबीच्या कुळातली पालेभाजी) पानं बारीक चिरून देतो. पालक क्वचित, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. नाकतोडे द्यायच्या आदल्या दिवशी त्यांनाच भोपळा-गाजर पोटभर घालायचं. उपाशी नाकतोडा म्हणजे नुसतं टरफल. भोपळा-गाजरात बीटा-कॅरोटीन असतं, त्याने तयार अ जीवनसत्त्वासारखा अतिरेकाचा धोका होत नाही. पावडरीपेक्षा हे कधीही बरं.

आणि कात टाकायच्या आधी आठवडाभर तो मळकट, दुधाळ दिसणारच. घाबरून कात ओढून काढू नका. शेपटीच्या टोकाला आणि बोटांना अडकलेली कात तेवढी बघा. तिथे कडं आवळून रक्त थांबतं.

काळीमाती (सोलापूर)

मला मुळात प्रश्नच उलटा वाटतो. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या पट्ट्यातला. जिथली माती तांबडी तिथले तांबूस, जिथे करडी तिथले करडे. राखेसारखं दिसणं हा त्याच्या दृष्टीने दोष नाही, बचाव आहे.

मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की पाठीचा रंग तापमानानुसार बदलतो आणि दाढी (गळ्याखालची काटेरी कातडी) आणि छातीचा बदल मुख्यतः समोरच्या ड्रॅगनला काहीतरी सांगण्यासाठी असतो. आता रील्स बघा. समोर आरसा धरतात, बिचारा दाढी काळी करून फुगवतो आणि खाली बदाम पडतात. तो तिथे शत्रू बघून भांडायला उभा आहे हो! पोटावर गडद लंबगोल ठिपके उमटले तर तोही ताण असू शकतो, पण 'काय छान नक्षी' म्हणून त्याचेही फोटो निघतात. रंग म्हणजे तब्येत म्हणणाऱ्यांनी कुठला रंग ते आधी सांगावं.

रानजाई (सिडनी)

@काळीमाती, आरशाचं शंभर टक्के मान्य, त्या लोकांना माझा पाठिंबा नाही. पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत की! पोटावरचे ठिपके म्हणजे ताण, हे रंग बघणाऱ्यालाच कळलं ना? बघूच नका म्हटलं तर कळणार कसं?

@कडुलिंब, जनुकांचं बरोबर आहे, पण मग राग तिथे काढा. ऑस्ट्रेलिया आपले देशी सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, इथे न्यू साऊथ वेल्समध्ये पाळायलासुद्धा परवाना लागतो. तरी बाहेरच्या देशांत आधीच पोचलेल्यांची पैदास करून लोकांनी काय काय काढलं! लेदरबॅक म्हणजे कमी, बारीक खवल्यांचा प्रकार. त्यांचा जोडा लावला की सरासरी चारातलं एक पिल्लू सिल्कबॅक निघतं, अंगावर जवळजवळ खवलेच नाहीत. रंग भडक दिसतो हे खरं, पण कातडी कोरडी पडते, ओरखड्याने फाटते, कात नीट सुटत नाही. अन्याय म्हणायचा तर तो हा. भोपळा चिरून घालणाऱ्याला कशाला धरता?

कडुलिंब (ठाणे)

सिल्कबॅकबद्दल दुमत नाही, ते विकणं बंदच व्हायला हवं. पण ती मागणी येते कुठून? 'आणखी नारिंगी, आणखी लाल' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडूनच ना. पाटीबद्दलचं माझं म्हणणं कायम.

नवखा_सरडा (पुणे)

मध्येच विचारतो, माफ करा. एका दुकानात 'रेड' म्हणून पिल्लू आहे, किंमत साध्याच्या दुप्पट. घ्यावं का?

पंधरापैसे (न्यू जर्सी)

आधी ते लाल बल्बखाली ठेवलंय का बघा. लाल बल्बखाली पालसुद्धा लाल दिसते. दुकानदाराला म्हणावं, बाहेर उजेडात दाखवा. मग आईबापाचे फोटो मागा, पिल्लाच्या अंगापेक्षा ते जास्त खरं सांगतात. डोळे टवटवीत, बोटं शाबूत, पळणारा किडा धावत जाऊन पकडतो का, हे तुमच्यासमोर खायला घालून बघा. भारतात परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आहेत, तेव्हा पावती आणि कागद मागा. टाळाटाळ केली तर साध्या किमतीतही घेऊ नका.

काळीमाती (सोलापूर)

आणि सगळं ठीक निघालं, तर दुप्पट पैसे द्यायच्या ऐवजी साधं पिल्लू घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली ट्यूब.

रानजाई (सिडनी)

ट्यूबबरोबर तापमानाची गनही.