मदत हवी आहे : परदेशातील अध्यापन अनुभव मुख्याध्यापकपदासाठी धरला जातो का?

कोल्हापुरातील एका खासगी विनाअनुदानित मराठी शाळेत (पहिली ते सातवी) मी तीन वर्षांपासून शिक्षिका असून, येत्या जूनपासून मी मुख्याध्यापकपद स्वीकारावे असा संस्थेचा आग्रह आहे. माझे डी.एड. महाराष्ट्रातील असून शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण आहे. त्यानंतर मी इंग्लंडमधून शिक्षणशास्त्रात एक वर्षाची एम.ए. पदवी घेतली आणि तेथील प्राथमिक शाळेत चार वर्षे शिकवले. भारत-ब्रिटन यांच्यातील २०२२ च्या करारामुळे पदवीचा प्रश्न सुटला असून भारतीय विश्वविद्यालय संघाचे समकक्षता प्रमाणपत्रही हाती आहे.

खरी अडचण सेवेची आहे. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी (सेवाशर्ती) नियमावली, १९८१ नुसार अशा शाळेचा मुख्याध्यापक हा ज्येष्ठतम प्रशिक्षित शिक्षक असावा लागतो आणि त्याची किमान पाच वर्षे सेवा झालेली असावी लागते. ज्येष्ठतेत माझ्या आधी असलेल्या दोन्ही शिक्षिकांनी लेखी नकार दिला आहे, त्यामुळे कोणाचा हक्क डावलला जात नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संबंधित कार्यालयात दोनदा चौकशी केली, तेव्हा दोन वेगवेगळी तोंडी उत्तरे मिळाली, लेखी काहीच नाही. इंग्लंडमधील शाळेचे अनुभव प्रमाणपत्र व वेतनपत्रके माझ्याकडे आहेत.

परदेशातील सेवा या पाच वर्षांत धरून प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांनी मान्यता दिल्याचे उदाहरण कोणाला माहीत आहे का? असल्यास प्रस्तावासोबत नेमकी कोणती कागदपत्रे जोडली होती? आणि मान्यता मिळतच नसेल, तर उरलेली दोन वर्षे प्रभारी म्हणून काम पाहता येईल का?